गंगापूर धरणावरचा ‘बगळा’ आणि ओझरचा खरा इतिहास

ओझरकर: काल इथे ‘बगळा’ नावाच्या काल्पनिक लढाऊ विमानाची कथा आली. नाशिकजवळच्या ओझरला 1958 मध्ये बांधलेलं, चाकांऐवजी पाण्यावर तरंगणारे फ्लोट, तळ गंगापूर धरणावर, 1961 ला मुरगाव बंदरात पोर्तुगीज युद्धनौका निकामी केली, 1971 ला कराचीवर हल्ला. कल्पना करा, पण माणसं पुसू नका. ओझरचा विमान कारखाना 1964 चा, मिग-21 साठी उभा राहिलेला. माझे वडील तिथे असेंब्लीत होते. आणि मुरगावात ‘अल्बुकर्क’ या पोर्तुगीज युद्धनौकेवर तोफा डागल्या त्या आपल्या ‘बेतवा’ आणि ‘बियास’ या युद्धनौकांनी. त्या नौसैनिकांचं श्रेय तुम्ही विमानाला देऊन टाकलंत!

गोदाकाठ: कथा माझी आहे. पर्यायी इतिहासात तारखा हलतातच. जपानने आपल्या झीरो या लढाऊ विमानाला फ्लोट लावून 1942 मध्ये सॉलोमन बेटांवर लढवलंच ना?

ओझरकर: तिथे धावपट्ट्या नव्हत्या म्हणून. गोव्यासाठी पुणे, बेळगाव हाताशी होते. फ्लोटचं वजन आणि हवेचा अडथळा वेग खातो. कावानिशी या जपानी कंपनीनं स्वतःच्याच क्योफू विमानाचे फ्लोट काढले, तेव्हा कुठे त्याचं जमिनीवरून उडणारं शिदेन झालं.

सातपूरचा: शिवाय पाणी आरशासारखं निश्चल असलं की फ्लोट पाण्यापासून सुटत नाही. थोड्या लाटा लागतात. त्यात नाशिकची उंची, मे महिन्याची विरळ हवा. आणि मेमध्ये गंगापूरमध्ये उरतं किती? आमचं पाणी जायकवाडीला जातं.

पैठणचा: ‘आमचं’ म्हणजे काय हो? 2005 चा समन्यायी वाटपाचा कायदा आणि त्याखालचा 2014 चा आदेश वाचा. त्या आदेशात आहे, 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांनी सोडायचंच आहे. दुष्काळात माझ्या आईनं टँकरमागे रात्री काढल्यात.

सातपूरचा: माझ्या मामाची द्राक्षबाग त्याच आवर्तनाअभावी वाळली. तिचं काय?

पैठणचा: बाग पुन्हा लावता येते, दादा. प्यायला पाणीच नसेल तर माणसानं काय करायचं? विमानाचा तळ जायकवाडीच्या नाथसागरावर हलवा, पाणी तिथेच मोठं आहे.

ओझरकर: नाथसागर 1976 चा! 1971 ला विमान उतरवणार कुठे? धरणाचं भांडण बाहेर करा.

पैठणचा: 1976 बरोबर आहे. पण भांडण आम्ही नाही काढलं.

गोदाकाठ: ठीक. मुरगावचा प्रसंग काढतो, ‘बेतवा’-‘बियास’ना त्यांचं देतो. विमान 1964 नंतर आणतो. तळ मात्र गंगापूरच, तो मी सोडणार नाही.

ओझरकर: मग लाटांचा प्रश्न आधी सोडवा.