शिक्षामाफीआधी पीडितेचं म्हणणं ऐकायला हवं का?

कलमदान: जन्मठेपेचा कैदी 14 वर्षांनंतर मुदतपूर्व सुटू शकतो. माफीच्या फाईलमध्ये तुरुंग अधीक्षक, पोलीस यांचे अहवाल येतात, शिक्षा देणाऱ्या न्यायालयाचं मत येतं. पीडितेला विचारायची सक्ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेचा कायदा) माफीबद्दलच्या कलम 473 मध्ये नाही. खटला मागे घेताना मात्र कलम 360 नुसार तिला ऐकावंच लागतं. ही विसंगती कशासाठी?

सातबारा: कारण माफी म्हणजे खटल्याची दुसरी फेरी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या लक्ष्मण नस्कर निकालातले (2000) माफीचे निकष बघा: गुन्ह्याचा समाजावर परिणाम, पुन्हा गुन्ह्याची शक्यता, कैद्याची गुन्हा करण्याची क्षमता उरली का, आणखी डांबून काय साधणार, कुटुंबाची परिस्थिती. यातलं पीडितेला काय ठाऊक असणार?

कलमदान: दुसरा निकष! फर्लोवर (तुरुंगातून मिळणाऱ्या ठराविक सुट्टीवर) आलेला माणूस कुणाच्या दारापुढे घिरट्या घालतो, साक्षीदाराला काय सुनावतो, हे तुरुंगाच्या शेऱ्यात येत नाही. तिथे 'वर्तणूक चांगली' एवढंच.

रावसाहेब: अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात हे आहेच. कलम 15अ(5): जामीन, सुटका, पॅरोल, सगळीकडे पीडिताला ऐकायचं.

सातबारा: 'या कायद्याखालच्या कार्यवाहीत' हे शब्द का गाळले? मंत्रालयातली माफीची फाईल त्यात बसते का, यावरच वाद होईल.

कलमदान: 2002 च्या गुजरात दंगलीतलं बिल्किस बानो सामूहिक बलात्कार प्रकरण घ्या. ऑगस्ट 2022 मध्ये गुजरात सरकारच्या माफीने 11 दोषी सुटले. सर्वोच्च न्यायालयात माफी रद्द झाली 8 जानेवारी 2024 ला. आधी नोटीस असती तर हे 17 महिने गेले नसते.

सातबारा: ती माफी अधिकारक्षेत्रावर पडली. खटला मुंबईत चालला, म्हणून माफीचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, गुजरातचा नव्हे. पीडितेला ऐकलं नाही म्हणून नाही.

कलमदान: अधिकारक्षेत्राचा मुद्दा न्यायालयात लावून कुणी धरला? तिच्याच याचिकेने.

माजघर: दोघेही कागदावरच भांडताय. तिच्या होकारावर सुटका अडते असं गावात कळलं की कैद्याचे नातेवाईक पैसे किंवा दम घेऊन तिच्याच दारात. म्हणून नकाराधिकार नकोच. लेखी म्हणणं द्यावं, तेही बंद पाकिटात. आणि पत्ता? पंधरा वर्षांनी पोलीस दोषारोपपत्रातल्या पत्त्यावर जातात, 'मिळून आली नाही' लिहून मोकळे होतात. सध्या तरी पीडितेने स्वतःच खटला क्रमांकासह नवा पत्ता तुरुंग अधीक्षकांना आणि गृह विभागाला लेखी कळवावा, पोच घ्यावी.

सातबारा: बंद पाकीट? मग कैद्याने खोडायचं काय? आरोपाचा गोषवारा तरी त्याला मिळालाच पाहिजे.