'राम'चा 'मरा' चालतो, मग 'मार' का नाही? मराठीत ॲनाग्रामचा नियम काय?

परळची_आई
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण वाचा प्लीज. लेक सहावीत आहे, इंग्लिश मीडियम. तिला शाळेत ॲनाग्राम शिकवले, म्हणजे एका शब्दातली सगळी अक्षरं घ्यायची, एकही सोडायचं नाही, एकही वाढवायचं नाही, फक्त जागा बदलून दुसरा शब्द करायचा. इंग्लिश स्पेलिंगमध्ये 'लिसन'चं 'सायलेंट' होतं, 'डॉर्मिटरी'चं 'डर्टी रूम' होतं. तेव्हापासून लोकलमध्ये, जेवताना, झोपताना हेच चालू आहे. मी म्हटलं, मराठीत करून दाखव. घरात जाड कागदाची जुनी लग्नपत्रिका होती ती कापून चौकोन केले, स्केचपेनने अक्षरं लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दाला अडलो. 'राम' लिहायचा तर 'रा' एका चौकोनावर लिहायचा, की 'र' वेगळा आणि काना वेगळा? अख्खा 'रा' ठेवला तर 'मरा' होतं, वाल्या कोळ्याची गोष्टच समोर आली. पण काना सुटा केला तर 'मार' पण होतो. लेक म्हणते दोन्ही बरोबर, सासूबाई म्हणतात नुसता काना कधी अक्षर असतो का गं? सोसायटीत २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाला मुलांचा हा खेळ घ्यायचाय, त्यामुळे आधी नियम पक्का हवाय. सांगा कोणीतरी.

शीवच्या_बाई
ताई, मी तीस वर्षं मराठी शिकवलं, माझं मत तुमच्या सासूबाईंच्या बाजूने. आपण बाराखडी म्हणतो तेव्हा 'रा' एका दमात म्हणतो, 'र' आणि मग काना असं नाही म्हणत. म्हणून अक्षर अख्खं उचलायचं, त्याची मात्रा-वेलांटी त्याच्यासोबतच जाणार. जोडाक्षर पण फोडायचं नाही, 'पुस्तक'मधला 'स्त' एकच. या नियमाने पण भरपूर शब्द मिळतात हो, लता-ताल, सभा-भास, मजा-जाम, नदी-दीन. तीन अक्षरांत कमल-कलम, मगर-गरम, नकल-कलन, मदत-दमत. आणि माझा सगळ्यात आवडता 'वारकरी', त्याचं 'करी वार' होतं, चारही अक्षरं जशीच्या तशी.

एका बाबतीत मात्र सूट द्या, नाहीतर पोरं रडकुंडीला येतील. आपल्याकडे शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ लिहितात, १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांपासून तसंच शिकवतोय. त्यामुळे 'कवी' उलटा केला की कागदावर 'वीक' येतं आणि आपल्याला हवं असतं 'विक'. उलटसुलट सारखं वाचता येणारं 'तो कवी डालडा विकतो' लहानपणापासून म्हणतो ना आपण? नीट बघा, त्यात पण एक वेलांटी दीर्घ आणि एक ऱ्हस्व आहे, तरी आजवर कोणी हरकत घेतली नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ माफ, बाकी अक्षर अख्खं. वर्गात मी याला 'अक्षरांची अदलाबदल' म्हणायचे, मुलांना लगेच कळायचं.

कोडवाला_अंधेरी
बाई, आदर ठेवून असहमत. काना सुटा केला नाही तर मराठीतले सगळ्यात भारी ॲनाग्राम हातचे जातात. ग, ज, र आणि एक काना घ्या. गजरा, गाजर, जागर, गरजा. चार शब्द! अख्ख्या अक्षराच्या नियमाने यातले फक्त जागर आणि गरजा जुळतात, बाकी नाही. तसंच कान आणि नाक, मानव आणि वामन, नवरा आणि वानर.

आणि जीभच काय करते बघा ना. लोक 'नुकसान'चं 'नुसकान' करतात, 'लखनौ'चं 'नखलौ' करतात. यात क आणि स ची अदलाबदल झाली पण काना होता तिथेच राहिला, तो आधी 'सा'ला होता मग 'का'ला लागला. ल आणि न ची जागा बदलली पण 'औ' शेवटीच. भाषाशास्त्रात याला वर्णविपर्यय म्हणतात. म्हणजे बोलताना आपण नकळत व्यंजन आणि स्वर वेगळे करतोच. मग खेळात का नको?

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे म्हणून हे पण सांगतो, मोबाइलमध्ये 'रा' टाइप केला की आत दोन खुणा साठवल्या जातात, र एक आणि काना एक. दोन शब्द ॲनाग्राम आहेत का हे कॉम्प्युटरला विचारायचं तर सोपी पद्धत आहे, दोन्ही शब्दांच्या खुणा एकाच क्रमाने लावायच्या, म्हणजे आधी ग मग ज मग र मग काना, आणि दोन्ही रांगा सारख्या आल्या की झालं, सगळ्या जागा फिरवून बघायची गरजच नाही. मुलांना पण हीच युक्ती शिकवा. ग, ज, र आणि काना या चार खुणा २४ प्रकारे मांडता येतात, त्यातल्या सहा वेळा काना सुरुवातीला येतो आणि तो एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून ६ वजा, उरले १८. त्या १८ मधले वर दिलेले चार रोजच्या वापरातले.

सेंट्रल_लाईन
दोघांचं वाचून मजा आली. २४ वरून आठवलं, भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० साली, हेच गणित आहे. हरीच्या चार हातांत गदा, चक्र, कमळ, शंख, हातांची अदलाबदल केली तर मूर्ती किती प्रकारच्या होतील? उत्तर २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी चोवीस नावं घेतात ना, त्या चोवीस मूर्तींमध्ये फरक हाच, कुठल्या हातात काय. पुढे शंभूच्या दहा हातांतली दहा आयुधं घेतलीत, तिथे उत्तर ३६,२८,८००. म्हणजे दहा वेगवेगळ्या अक्षरांचा शब्द घेतला तर एवढ्या मांडण्या! म्हणून मुलांना तीन-चार अक्षरांवरच ठेवा.

आणि हा नुसता पोरांचा खेळ नव्हता बरं का. १६१० मध्ये गॅलिलिओने शनीचं निरीक्षण केलं, पण शोध लगेच जाहीर करायचा नव्हता आणि पहिला मान पण सोडायचा नव्हता, म्हणून त्याने लॅटिन वाक्याची अक्षरं विस्कटून पाठवली. मी शनी तिहेरी पाहिला असा अर्थ होता. केप्लरने ती अक्षरं जुळवली आणि त्याला वेगळंच वाक्य मिळालं, मंगळाला दोन चंद्र आहेत असं! चुकीचं उत्तर, पण १८७७ मध्ये मंगळाचे दोन चंद्र खरंच सापडले. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता. फिजिक्समधला स्प्रिंगचा हूकचा नियम पण हूकने १६७६ ला असाच १४ अक्षरं क्रमाने लावून छापला आणि दोन वर्षांनी त्याचं वाक्य उघड केलं, जसा ताण तसं बल.

आता आमच्या लाईनवरचे घ्या, रोज उभं राहून प्रवास करताना जमवलेत. कळवा-वाकळ, हा बाईंच्या नियमात पण चोख बसतो. कसारा-कासरा-साकार, हा कोडवाल्या भाऊंच्या नियमाने. वेस्टर्नवाल्यांना खार-राख देतो. वसई-सवई पण धरा, आमच्याकडे सवयीला सवईच म्हणतात.

परळची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, मी एवढ्या उत्तरांची अपेक्षाच केली नव्हती. काल रात्री परत बसलो. आता दोन डाव ठेवलेत. पहिल्या डावात अख्खी अक्षरं, बाईंच्या नियमाने, ऱ्हस्व-दीर्घ माफ. दुसऱ्या डावात काना, वेलांटी, मात्रा यांच्या वेगळ्या पट्ट्या कापल्या, चौकोनाला चिकटवायला मागे डबल टेप. त्यात एक गंमत झाली, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लावायची आणि उच्चारायची मात्र नंतर, त्यामुळे लेक 'दिवा' मांडताना दोनदा चुकली, मग तिनेच ठरवलं की वेलांटीची पट्टी आधी अक्षरावर आडवी ठेवायची आणि शब्द पूर्ण झाला की डावीकडे सरकवायची.

'गजरा' तिला चारही प्रकारे आला, 'गरजा' सगळ्यात उशिरा. 'कळवा'चं 'वाकळ' झालं तेव्हा वाकळ म्हणजे काय हे तिला माहीतच नव्हतं, मग सासूबाईंनी कपाटावरच्या ट्रंकेतून त्यांच्या आईने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ काढून दाखवली, तासभर दोघी त्यावरच बसून खेळत होत्या. 'करी वार' मात्र सासूबाईंना पटलेलं नाही, वारकरी कोणावर वार करत नाही म्हणतात, दुसरं शोधा. आता त्यांनी 'विठ्ठल' दिलाय, 'ठ्ठ' एकाच चौकोनावर. काही जुळत नाहीये. कोणाला पट्ट्या सुट्या करून तरी जमलं तर सांगा.