हातमोजे राहू द्या, आधी ओट्यावरचं फडकं बघा
खाण्यातल्या स्वच्छतेवर इथे चर्चा चालू आहे, त्यात कुणीतरी लिहिलंय की हातमोजे घातलेला खाऊच्या गाडीवाला दिसला की निर्धास्त खावं. नाही पटलं. परवाच ठाण्यात तलावपाळीला बघितलं, हातमोज्यांनीच सुट्टे पैसे घेतले आणि त्यांनीच शेव भुरभुरवली. त्यापेक्षा उघड्या हाताने करणारा, पण मधेमधे साबणाने हात धुणारा परवडला. निदान 20 सेकंद तरी चोळायला हवेत, नखांच्या कडा आणि अंगठ्यासकट. अंगठा हमखास राहतो.

पण आपल्या घरात तरी काय वेगळं? ओटा पुसायचा त्याच फडक्याने, दुधाचं पातेलं उतरवायचं त्यानेच, हातही त्यालाच पुसायचे. ठाण्याच्या पावसाळ्यात ते दिवसभर ओलंच, मग तो कुबट वास! मी तीन वेगळी फडकी केली, रोज रात्री उकळत्या पाण्यात टाकते. सासूबाई आधी हसल्या, आता त्याच आठवण करतात.

शिळ्या भाताबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. बॅसिलस सीरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक कवचातलं सुप्त रूप, भात शिजवल्यावरही तगून राहतात. भात तासन्‌तास ओट्यावर राहिला की ते वाढतात, विष तयार करतात, आणि उलट्या करवणारं ते विष सकाळी फोडणी देऊन परतलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात पसरट भांड्यात निववून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये.

आणि हो, चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोडे ओटाभर उडतात. यावरून आमच्याकडे अजून वाद चालू आहे.