स्वतःची वीज स्वतः बनवणारा इमेज सेन्सर जमेल का?

प्रश्न: फोटोडायोड (कॅमेऱ्याच्या पिक्सेलमधला, उजेडाचा विजेचा सिग्नल करणारा भाग) आणि सोलर सेल मुळात एकच ना, मग त्याच पिक्सेलकडून फोटोपण घ्यायचा आणि वीजपण मिळवायची, बॅटरीच नको, असं होईल का?

रिप्लाय १: होतं की! कोलंबिया युनिव्हर्सिटीत श्री नायर यांच्या टीमने २०१५ मध्ये करून दाखवलंय, ३०×४० पिक्सेल, घरातल्या चांगल्या उजेडात सेकंदाला एक फोटो. फोटोडायोडला बाहेरून बायस (वरून लावलेला व्होल्टेज) दिलाच नाही, आधी रीडआउट, म्हणजे पिक्सेलमधला फोटो वाचून घ्यायचा, मग तेच पिक्सेल कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) चार्ज करतात.

रिप्लाय २: भारी काम आहे ते. पण सिलिकॉनच्या एका डायोडमधून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो, तो बूस्ट करताना, म्हणजे वाढवताना, वीज वाया जाते, शिवाय एडीसी (सिग्नलचे आकडे करणारं सर्किट) वीज खातो ते वेगळंच, म्हणून आधी रिझोल्यूशन आणि फ्रेम रेट कमी कर.

प्रश्नकर्ता: मग अंधारात?

रिप्लाय २: साठवलंय तेवढंच. कपॅसिटर उतरला की फ्रेममधलं अंतर वाढवायचं.