निममधून ग्राफिक्स: विंडोज, लिनक्स आणि रास्पबेरी पाय, तिन्हीकडे चालेल असं काय घ्यावं?

तापीकाठ (रावेर)

राम राम मंडळी. केळीच्या बागेसाठी ठिबकचा नकाशा काढणारा प्रोग्रॅम निम भाषेत लिहितोय. शेताची हद्द, सऱ्या, मेनलाइन, सबमेन, लॅटरल (झाडांच्या ओळीतून जाणारी बारीक नळी) आणि झाडं, एवढंच काढायचं आहे. लागवड दीड बाय दीड मीटर धरली की हेक्टरी ४,४४४ झाडं होतात, म्हणजे तेवढे ठिपके आणि त्यावर झूम. बाजूला मराठी लेबलं हवीत आणि शेवटी ए३ कागदावर छपाई.

मशीनं तीन तऱ्हेची आहेत. आय३-२१०० चा जुना डेस्कटॉप, विंडोज १०, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. दुसरा ६४-बिट लिनक्स लॅपटॉप, कोड त्यावरच लिहितो. तिसरा रास्पबेरी पाय ४, त्यावरही ६४-बिट सिस्टीम.

निमसाठी शोधलं तर बाइंडिंगं (दुसऱ्या भाषेतली लायब्ररी निममधून वापरू देणारे जोड) ढीगभर सापडतात, पण कुठलं जिवंत आणि कुठलं सोडून दिलेलं ते कळत नाही. पिक्सी ही ग्राफिक्स लायब्ररी खास निमसाठीच लिहिलेली आहे, पण सगळं सीपीयूवर रंगवते. खिडक्या-बटणांची मोठी लायब्ररी क्यूटी एवढ्याशा कामाला फार जड. भाषा बदलायची नाही, कारण पाइपातला दाब किती घटतो त्याचं सगळं गणित निममध्येच लिहून तपासून झालंय. काय घ्यावं?

ओसरी (जळगाव)

रेलिब ही ग्राफिक्स लायब्ररी घ्या. सी भाषेतली आहे, परवाना झेडलिब, त्यामुळे कुठेही वापरा. निमसाठी नेलिब हे बाइंडिंग आहे. ते रेलिबचा सी सोर्स सोबतच घेऊन कंपाइल करतं, म्हणून वेगळी डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) सांभाळावी लागत नाही. खिडकी उघडणं, वर्तुळ, रेघ, कॅमेऱ्याचा झूम, सगळं पहिल्याच दिवशी पडद्यावर दिसेल. तीस-चाळीस ओळींत बागेचा ढोबळ नकाशा उभा राहतो.

खटपट (धुळे)

ओसरीभाऊंचं म्हणणं नव्या मशीनपुरतं बरोबर आहे. या डेस्कटॉपवर मात्र ते अडेल.

आय३-२१०० मधलं इंटेल एचडी २००० ग्राफिक्स विंडोजवर ओपनजीएल (जीपीयूकडून चित्र काढून घेण्याचा मानक इंटरफेस) ३.१ पर्यंतच जातं. रेलिब डेस्कटॉपवर मुळात ३.३ मागते. खिडकी उघडणारच नाही आणि लॉगमध्ये ६५५४३ नंबरची चूक दिसेल, जीएलएफडब्ल्यूची (रेलिबसाठी खिडकी उघडणारी लायब्ररी). तिचा अर्थ एवढाच की मागितलेली आवृत्ती ड्रायव्हरकडे नाही. रेलिब ओपनजीएल २.१ साठी कंपाइल करता येते, मग चालते. पण हे आधी माहीत असलं पाहिजे, गिऱ्हाइकाच्या दुकानात कळून उपयोग नाही.

तापीकाठभाऊ, मूळ प्रश्नच थोडा वळवून बघा. निमसाठी कोणती लायब्ररी चांगली, हे शोधू नका. सी इंटरफेस असलेली, दहा-पंधरा वर्षं टिकलेली लायब्ररी निवडा आणि तिच्यावर निमचा थर जमेल तेवढा पातळ ठेवा. कमी वापराच्या भाषेत बाइंडिंग लिहिणारा बहुधा एकटाच असतो. त्याने हात काढला तर अडून बसायची वेळ नको. तुम्हाला लागणारी फंक्शनं मोजलीत तर चाळीसच्या वर जाणार नाहीत. ती हाताने घोषित करणं हे एका बैठकीचं काम. हेडर (फंक्शनांची यादी असलेली सी फाइल) मोठं असेल तर सी२निम हे साधन रूपांतर करून देतं, आणि फुथार्क थेट क्लँग या सी कंपायलरकडून हेडर वाचून घेतं.

माझं मत एसडीएल २, तीही सी भाषेतली ग्राफिक्स लायब्ररी. तिचा रेंडरर (चित्र रंगवणारा भाग) विंडोजवर आपोआप मायक्रोसॉफ्टचं डायरेक्ट३डी ९ घेतो, त्यामुळे हा डेस्कटॉप सुखाने चालेल. लिनक्सवर ती ओपनजीएल घेते, पायवर ओपनजीएल किंवा त्याची छोटी आवृत्ती ओपनजीएल ईएस २, आणि तुमच्या कोडमध्ये एक ओळही बदलत नाही. एसडीएल ३ ची पहिली स्थिर आवृत्ती ३.२.० जानेवारी २०२५ मध्ये आली. ती चांगली आहे, पण एक खड्डा लक्षात ठेवा. एसडीएल २ मधली बरीच फंक्शनं यश मिळालं की शून्य देतात, ३ मध्ये तीच खरं-खोटं देतात. जुनं बाइंडिंग नुसतं नाव बदलून वापरलं तर यशालाच चूक समजून प्रोग्रॅम बंद पडेल.

झाडांबद्दल: ४,४४४ वर्तुळं दर फ्रेमला काढू नका. ठिपक्याचं एकच छोटं टेक्स्चर (जीपीयूकडे ठेवलेलं चित्र) करा आणि तेच जागोजागी उमटवा. एसडीएल २.०.१० पासून अशी कामं आपोआप एकत्र गोळा होऊन जीपीयूकडे जातात. नकाशा काही खेळ नाही, सेकंदाला साठ वेळा रंगवायची गरज नाही. सतत विचारत राहणाऱ्या पोलइव्हेंटऐवजी थांबून राहणारं वेटइव्हेंट वापरा, म्हणजे माउस हलेपर्यंत सीपीयू शांत. भारनियमनात लॅपटॉप बॅटरीवर असताना फरक ठळक दिसतो.

तापीकाठ (रावेर)

सगळ्यांचे आभार. दोन्ही करून पाहिलं. रेलिबसाठी नेलिब न घेता हाताने लिहिलेलं छोटं बाइंडिंग वापरलं, आणि तिथे विचित्र प्रकार दिसतोय. टेक्स्चर काढणारं फंक्शन तिन्हीकडे नीट चालतं. फाँट देऊन मजकूर काढणारं, ड्रॉटेक्स्टईएक्स, लिनक्स लॅपटॉपवर सेगफॉल्ट देतं, म्हणजे मेमरीच्या चुकीने प्रोग्रॅम कोसळतो. तोच कोड एका नव्या विंडोज मशीनवर चालतो आणि पायवरही चालतो. लॅपटॉपवरची रेलिब पुन्हा कंपाइल केली, फरक नाही.

दुसरं म्हणजे मजकूर दिसतो तिथेही मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.

रूळबदल (भुसावळ)

सेगफॉल्टचं कारण निममध्ये आहे, रेलिब निर्दोष आहे.

निमचा कंपायलर २४ बाइटपेक्षा मोठा ऑब्जेक्ट पॅरामीटर म्हणून जाताना गुपचूप पॉइंटर (नुसता पत्ता) करून पाठवतो. निमच्या आत ते सोयीचं असतं. पण सी फंक्शन तर अख्खं स्ट्रक्चर मूल्याने मागतंय. आता बाइट मोजा. रंग ४, आयत १६, टेक्स्चर म्हणजे चार बाइटचे पाच आकडे, २०. हे सगळे २४ च्या आत, म्हणून बिनचूक. फाँटमध्ये तीन आकड्यांचे १२, आतल्या टेक्स्चरचे २० आणि दोन पॉइंटरचे १६, एकूण ४८. तिथे गाडी घसरते. ४४ बाइटचा त्रिमिती कॅमेराही असाच पडेल.

मग विंडोज आणि पायवर कसं चाललं? ६४-बिट विंडोजच्या नियमात ८ बाइटपेक्षा मोठं स्ट्रक्चर तसंही पत्त्यानेच जातं. ६४-बिट एआरएममध्ये १६ बाइटपेक्षा मोठ्याचं तेच. म्हणजे निमने चुकून पाठवलेला पॉइंटर तिथे नेमका बसतो. ६४-बिट इंटेल-एएमडी लिनक्सवर मात्र एवढं स्ट्रक्चर स्टॅकवर अख्खं ठेवायचा नियम आहे. फंक्शन स्टॅकवर फाँट शोधतं आणि तिथे भलतंच काही असतं.

उपाय एका शब्दाचा आहे. प्रत्येक सी स्ट्रक्चरच्या निममधल्या व्याख्येला 'बायकॉपी' प्रॅग्मा (कंपायलरला सूचना) लावा, लहानांनाही लावा. प्रत्येक फंक्शनला 'सीडेक्ल' (सीच्या पद्धतीने बोलाव अशी खूण) हवंच. आणि प्रत्येक प्रकाराचा साइझऑफ (बाइटमधला आकार) निममध्ये आणि सीमध्ये छापून जुळवा. दहा मिनिटांचं काम आहे, पण बाइंडिंगवर भरवसा ठेवायचा तर ते टाळू नका.

लेखणी (शिरपूर)

प्रश्नचिन्हांचं मी सांगते. रेलिब फाँट उघडताना काही न सांगितल्यास फक्त इंग्रजीची ९५ अक्षरं भरते. देवनागरीचा १२८ जागांचा गट तुम्ही यादी देऊन भरू शकता, प्रश्नचिन्हं जातील. पण तिथे फसू नका. 'जळगाव' लिहून पाहिलंत तर एकदम छान दिसेल, कारण त्यात ना जोडाक्षर, ना पहिली वेलांटी. मग 'शिरपूर' लिहा: वेलांटी श च्या आधी न येता नंतर जाऊन बसेल. 'मुक्ताईनगर' लिहा: क आणि त जोडले न जाता पाय मोडलेला सुटा क् दिसेल. तुमच्या नकाशातला रोजचा शब्द 'सऱ्या', त्यातला अर्धा ऱ तर येणारच नाही.

कारण असं की जोडाक्षरांना युनिकोडमध्ये स्वतंत्र क्रमांक नसतात. फाँटच्या आत नियम लिहिलेले असतात, ते वाचून अक्षरं जुळवायला शेपिंग करणारं इंजिन लागतं. ते काम हार्फबझ करतं. रेलिब ते वापरत नाही, आणि आपण हाताने जुळवत बसलो तर प्रत्येक फाँटसाठी वेगळी खटपट. मराठी लेबलं हवीत तर रेलिब इथेच बाद समजा.

दोन रस्ते आहेत. सोपा म्हणजे एसडीएलची फाँट लायब्ररी एसडीएल_टीटीएफ, आवृत्ती २.२० किंवा पुढची, हार्फबझसह कंपाइल केलेली. फाँट उघडल्यावर लिपीचं चार रोमन अक्षरांचं नाव 'देवा' (Deva) असं स्पष्ट द्या. उबुंटू २०.०४ मध्ये २.०.१५ आहे, ती हार्फबझच्या आधीची, तिथे वेलांटी तुटलेलीच दिसणार.

दुसरा रस्ता पँगो (मजकूर मांडणारी लायब्ररी) आणि कैरो (चित्र काढणारी). तुम्हाला ए३ छपाई हवी आहे म्हणून मी हाच सांगेन. जो कोड पडद्यासाठी लेबल काढतो तोच पीडीएफच्या पृष्ठभागावर जसाच्या तसा चालतो, आणि अक्षरं कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. पँगोला भाषा मराठी आहे असं सांगता येतं, म्हणजे फाँटात सोय असेल तर ल आणि श आपल्या वळणाचे येतात. घोषित करायची फंक्शनं जेमतेम पंधरा. कैरोचं स्वतःचं 'शो टेक्स्ट' वापरू नका, ते शेपिंग करत नाही.

पडद्यासाठी क्रम असा ठेवा. पँगोकडून लेबलाची रुंदी-उंची पिक्सेलमध्ये घ्या, तेवढा एआरजीबी३२ (पिक्सेलला ३२ बिट, पारदर्शकतेसह) पृष्ठभाग करा, त्यावर लेआउट काढा, सरफेस-फ्लश करा, आणि तो डेटा एसडीएलच्या एआरजीबी८८८८ टेक्स्चरमध्ये भरा. भरताना ओळीची लांबी रुंदी गुणिले ४ अशी स्वतः धरू नका, कैरोने दिलेला स्ट्राइडच (एका ओळीचे प्रत्यक्ष बाइट) द्या. लेबल एकदाच काढून जपून ठेवा, झूमला फक्त जागा बदला.

अक्षरांभोवती काळपट किनार दिसली तर घाबरू नका. कैरो रंगाला आधीच पारदर्शकतेने गुणून ठेवतं, आणि एसडीएलचं नेहमीचं ब्लेंड पुन्हा गुणतं. कंपोज-कस्टम-ब्लेंडमोड वापरून स्रोताचा गुणक 'एक' आणि खालच्याचा 'एक वजा स्रोत-अल्फा' ठेवा. ही सोय सॉफ्टवेअर रेंडररमध्ये नाही, बाकी तिन्ही मशीनवर आहे.

छपाईचं गणित: कैरोच्या पीडीएफमध्ये एकक पॉइंट, इंचाला ७२. ए३ म्हणजे साधारण ८४२ बाय ११९१. एकास पाचशे प्रमाण धरलं तर १ मीटरचे २ मिलिमीटर, म्हणजे ५.६७ पॉइंट. १०० मीटर बाजूचा हेक्टरचा चौकोन २० सेंटिमीटरमध्ये बसतो आणि दोन झाडांत ३ मिलिमीटर अंतर राहतं, वाचायला पुरेसं. इथे एक चूक हमखास होते: स्केल लावून रेघेची जाडी १ दिली की ती १ मीटर होते, म्हणजे कागदावर २ मिलिमीटर, आणि लॅटरल जाड पट्ट्यांसारख्या दिसतात. खऱ्या मापाने १६ मिलिमीटरची लॅटरल काढलीत तर ती कागदावर दिसतच नाही. म्हणून मार्ग मीटरमध्ये आखा, मग रिस्टोर करून स्केल काढा, आणि जाडी पॉइंटमध्ये देऊन स्ट्रोक करा. लॅटरलला अर्धा पॉइंट, सबमेनला दीड, मेनलाइनला अडीच छान उठून दिसतात.

तापीकाठ (रावेर)

बायकॉपी लावताच सेगफॉल्ट गेला. आता एसडीएल २ अधिक पँगो-कैरो असं ठरवलं, 'सऱ्या' पडद्यावर आणि पीडीएफमध्ये दोन्हीकडे बरोबर. लेखणीताई, ब्लेंडचं सांगितलंत ते नेमकं लागू पडलं.

दोन गोष्टी उरल्या. डेस्कटॉपवर स्क्रीन लॉक करून परत आलं की कधीकधी झाडांचा थर काळा होतो. झाडं मी एका मोठ्या टार्गेट टेक्स्चरवर (ज्यावर प्रोग्रॅम स्वतः रंगवू शकतो असं टेक्स्चर) एकदाच काढून ठेवतो. आणि दुसऱ्या लिनक्स मशीनवर प्रोग्रॅम उघडतच नाही, 'कुड नॉट लोड' म्हणतो, एसडीएल २ तर तिथे आहे.

खटपट (धुळे)

काळा थर: डायरेक्ट३डी ९ चं डिव्हाइस रीसेट झालं की टार्गेट टेक्स्चरमधलं चित्र पुसलं जातं. एसडीएल त्यावेळी रेंडर-टार्गेट्स-रीसेट हा इव्हेंट पाठवते. तो आला की झाडांचा थर पुन्हा काढा. त्या टेक्स्चरचा आकारही बघून ठरवा. पाय ४ वर एका बाजूला ४,०९६ पिक्सेलच्या वर जात नाही, पाय ३ वर २,०४८. रेंडररच्या माहितीत कमाल आकडा मिळतो, त्यावरून मोठ्या शेताचे तुकडे पाडा.

रूळबदल (भुसावळ)

लिनक्सचं कारण नावात आहे. तुमच्या लॅपटॉपवर कोड लिहिणाऱ्यांसाठीचं डेव्ह पॅकेज आहे, ते 'लिबएसडीएल२ डॉट एसओ' हा दुवा बनवतं. साध्या वापरकर्त्याकडे फक्त 'लिबएसडीएल२-२.० डॉट एसओ डॉट ०' असते. बाइंडिंगमध्ये आवृत्ती असलेलं हेच नाव लिहा, पँगो-कैरोचंही तसंच.

विंडोजवर डीएलएल एक्झीच्या शेजारीच ठेवा. निम प्रोग्रॅम चालू होताना लायब्ररी उघडत असल्याने फाइल नसली, ३२-६४ बिटचा घोळ झाला किंवा तिला लागणारी दुसरी डीएलएल नसली, तरी सुरुवात त्याच 'कुड नॉट लोड' संदेशाने होते. लिनक्सवर 'निमडीबगडीएलओपन' हा डिफाइन देऊन कंपाइल करा, नेमकं कारण छापून येतं. पँगोमागे जीलिब, हार्फबझ, फ्रिबिडी, फ्रीटाइप असा लवाजमा येतो. एमएसवायएस२ (विंडोजवर लिनक्ससारखी साधनं देणारा संच) मध्ये प्रोग्रॅम उघडताना लागलेल्या डीएलएल्स एलडीडी या आज्ञेने बघून तेवढ्याच उचला. त्यात तुम्ही बाइंडिंगमध्ये घोषित केलेल्या आणि त्यांना लागणाऱ्या डीएलएल दिसणार नाहीत, म्हणून पँगो-कैरोच्या डीएलएलवरही एलडीडी वेगळं चालवा.

पायसाठी लॅपटॉपवरच क्रॉस-कंपाइल करत असाल तर ग्लिबसीची (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) आवृत्ती जुळवा. उबुंटू २४.०४ वर २.३९ आहे, डेबियन १२ वर बेतलेल्या पाय सिस्टीममध्ये २.३६. नव्यावर बांधलेला प्रोग्रॅम जुन्यावर 'ग्लिबसी २.३८ सापडत नाही' म्हणून थांबतो. एवढासा प्रोग्रॅम सरळ पायवरच कंपाइल करा.

लेखणी (शिरपूर)

फाँटचंही बघा. विंडोज १० मध्ये निर्मला यूआय मिळेल, पायवर देवनागरी फाँट असेलच असं नाही. नोटो सान्स देवनागरी आधी बसवा, नाहीतर तिथे अक्षरांच्या जागी चौकोन येतील.