न्यू जर्सीतली सेल्फ-सर्व्हिस बंदी उठावी का? आणि पेनसिल्व्हेनियात स्वतः गॅस (म्हणजे पेट्रोल) भरताना काय सांभाळायचं?

डेलावेअरकाठ:

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीत गाडीत गॅस स्वतः भरायला बंदी, आणि नदी ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेलं की भरून द्यायला कुणीच नाही. एडिसन-प्लेन्सबरोकडून तिकडे नोकरीला जाणारे मराठी लोक पुष्कळ आहेत, मुलांकडे सहा महिने राहायला येणारे आईवडीलही आहेत. बंदी उठवा, नका उठवू हा वाद अधूनमधून पेटतो. त्यात सुरक्षा, भाव आणि नोकऱ्या हे तीन शब्द फिरत राहतात, पण तपशिलात कुणी शिरत नाही.

विचारायचं ते असं. बंदी खरंच आगीच्या भीतीने आली का? उठवली तर गॅस स्वस्त होईल का? आणि ज्याने आयुष्यात कधी नोझल हातात धरलं नाही, त्याने नेमकं काय करायचं, काय टाळायचं? 'काळजी घ्या' एवढं पुरे नाही, कारणासकट सांगा.

कलम_चौतीस:

कायदा १९४९चा. त्या वर्षी आयर्विंग राइनगोल्ड यांनी हॅकेनसॅकला रूट १७वर २४ पंपांचं स्टेशन काढलं. गिऱ्हाइकाने स्वतः भरायचं. आजूबाजूला गॅलनला २१.९ सेंट भाव होता, यांच्याकडे १८.९. गाड्यांच्या रांगा लागल्या. बाकीचे पंपमालक विधिमंडळाकडे गेले आणि सेल्फ-सर्व्हिसवर बंदी घालणारा कायदा झाला. राइनगोल्ड कोर्टात गेले, पण १९५१मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला. तेव्हा 'निव्वळ सुरक्षेसाठी केला' हे अर्धंच खरं. तीन सेंटांची स्पर्धा मोडणं हेही त्यामागे होतंच.

मात्र कायद्यात आज जी कारणं लिहिलेली आहेत ती पोकळ नाहीत. इंजिन बंद करायला लावणं, सिगारेट विझवायला लावणं, कॅशियरचं एका वेळी सगळ्या पंपांकडे लक्ष नसणं, वाफा नाकातोंडात जाणं, आणि जिथे दोन्ही सोयी असतात तिथे भरून घेणाऱ्याला जादा मोजावे लागणं, हे सगळं त्यात आहे. भरून देणाऱ्या माणसाला आधी शिकवायचं, किमान एक दिवस देखरेखीखाली काम करून घ्यायचं आणि परीक्षा घ्यायची, असंही कलम आहे. गंमत नाही, ही अट किती ठिकाणी मनापासून पाळली जाते यावर कायद्याचं अर्धं वजन अवलंबून आहे. बंदी मोडली तर दंड स्टेशनला होतो, म्हणून तुम्ही नोझलला हात लावलात की तो माणूस धावत येतो. त्याच्यावर चिडू नका. कायद्यातल्या व्याख्येत फक्त गॅसोलीन येतं, डिझेल नाही.

२०२२मध्ये बंदी सैल करायचं विधेयक आलं होतं. चारपेक्षा जास्त पंप असलेल्या स्टेशनांनी सकाळी ८ ते रात्री ८ भरून देण्याची सोय ठेवायची, बाकी मालकाची मर्जी, असा मसुदा होता. पुढे गेलं नाही. त्याच वर्षी रटगर्स विद्यापीठाच्या पाहणीत ७३ टक्के लोकांनी 'आम्हाला भरून दिलेलंच बरं' असं सांगितलं. एवढा आकडा समोर असताना कुठला आमदार हात घालेल?

ऑरेगनचं उदाहरण जास्त उपयोगी आहे. तिथे १९५१पासून बंदी होती. २०१८पासून कमी वस्तीच्या काउंट्यांना मोकळीक मिळाली, २०२०च्या साथीत आणि २०२१च्या उष्म्याच्या लाटेत बंदी तात्पुरती स्थगित झाली, आणि ऑगस्ट २०२३मध्ये गव्हर्नर टीना कोटेक यांच्या सहीने ती राज्यभर उठली. पण दाट वस्तीच्या १६ काउंट्यांत निम्म्याहून जास्त पंप सेल्फ करता येत नाहीत, आणि दोन्ही रांगांना भाव एकच लागतो. माझ्या मते न्यू जर्सीने मान्य करावी अशी एकच तडजोड आहे, ती ही. एकच भाव हे त्यातलं महत्त्वाचं कलम, ते वगळून उरलेलं घेऊ नये.

भावाचं म्हणाल तर पुलाच्या दोन्ही टोकांच्या पाट्यांची तुलना करून काहीच कळत नाही. न्यू जर्सीने २०१६मध्ये गॅलनमागे २३ सेंट कर वाढवला, तरी पेनसिल्व्हेनियाचा कर त्याहून जास्त आहे. पाट्यांवर दिसतो तो फरक मुख्यतः करांचा. माणसाचा खर्च वेगळा मोजा: तासाला १५ डॉलर मजुरी धरली आणि त्या तासात ३०० गॅलन विकले गेले, तर गॅलनमागे ५ सेंट. १०० गॅलन विकले तर १५ सेंट. रात्री दोन वाजता १० गॅलन विकले तर दीड डॉलर. म्हणूनच मालकांची खरी तक्रार दिवसाची नसते, रात्रपाळीची असते.

नोझल_दुरुस्ती:

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. आधी यंत्र समजून घ्या, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं. तिथून एक नळी हँडलपर्यंत जाते. पेट्रोल हँडलमधल्या अरुंद गळ्यातून वेगाने जाताना त्या भोकातून हवा ओढून घेत असतं. टाकी भरली आणि भोक पेट्रोलखाली गेलं की हवा थांबते, हँडलच्या आत निर्वात तयार होतो, पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. 'टक्' आवाज येतो तो हाच. यात वीज नाही, सेन्सर नाही. म्हणून नोझल पूर्ण आत घातलं नाही, भोक वरच राहिलं, तर खटका वेळेवर सुटणार नाही आणि पेट्रोल बाहेर येईल.

टक् झालं की थांबा. राउंड आकडा करायला आणखी दाबू नका. टाकीच्या वरच्या बाजूची मोकळी जागा वाफेसाठी ठेवलेली असते. वाफा कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये जातात. वर वर भरत राहिलात तर वाफेऐवजी पातळ पेट्रोल तिथे पोचतं, कोळसा भिजतो, चेक इंजिनचा दिवा लागतो, आणि पुढे दर वेळी भरताना खटका उगाच सुटायला लागतो. दोन डॉलरच्या जादा पेट्रोलपायी शेकडो डॉलरचा डबा जातो.

खटका सुरुवातीपासूनच सारखा सुटत असेल तर नोझल इंचभर मागे घ्या, थोडं फिरवून धरा, आणि हँडलची सर्वांत हळू खाच वापरा. तरी सुटत असेल तर दुसरा पंप पाहा. तिथेही तेच झालं तर दोष गाडीच्या वाफेच्या वाटेत आहे.

आता आग. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असली तरच पेटते. टाकीच्या आत ती त्याहून दाट असते, म्हणून टाकीत सहसा स्फोट होत नाही. धोका असतो तो टाकीच्या तोंडाशी, जिथे वाफ आणि बाहेरची हवा मिसळतात. ठिणगी बहुतेक वेळा माणूस स्वतः घेऊन येतो. थंडीत हवा कोरडी असते. नोझल लावून खटका अडकवायचा, ऊब घ्यायला गाडीत बसायचं, सीटवर जॅकेट घासायचं आणि उतरून थेट नोझलला हात लावायचा, हा क्रम सगळ्यांत वाईट. घासण्याने अंगावर स्थिर विजेचा भार साठतो. दाराला हात लागला असता तर तो तिथेच उतरला असता. भरताना गाडीत बसू नका. बसावंच लागलं तर उतरल्यावर टाकीच्या तोंडापासून लांब, गाडीच्या उघड्या धातूला हात लावा, मगच नोझलकडे जा. जपानमध्ये १९९८ साली सेल्फ-सर्व्हिसला परवानगी मिळाली. तिथल्या पंपांवर नोझल उचलण्याआधी तळहात टेकवायची पट्टीच असते.

आणि तोंडाशी ज्योत दिसलीच तर नोझल बाहेर ओढू नका. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. घाबरलेला माणूस आधी तेच करतो, आणि वाहत्या पेट्रोलचा फवारा जमिनीवर आणि स्वतःच्या कपड्यांवर घेतो. नोझल आहे तिथे सोडा, माणसांना गाडीतून उतरवा, मागे सरका, आणि लाल बटण दाबा. हे बटण पंपांपासून २० ते १०० फुटांच्या आत असतं. गाडी लावताना ते कुठे आहे हे एकदा पाहून ठेवायला दोन सेकंद लागतात.

नोझल टाकीत विसरून गाडी पुढे नेली तर? पाइपमध्ये तुटक जोड असतो. ताण आला की तो सुटतो आणि दोन्ही बाजूंच्या झडपा बंद होतात. आत जाऊन सांगा. तो पाइप स्वतः परत अडकवू नका.

डिझेलचं नोझल पेट्रोलच्या नोझलपेक्षा जाड असतं, १५/१६ इंच विरुद्ध १३/१६, म्हणून ते पेट्रोल गाडीच्या तोंडात सहसा बसत नाही. उलटं मात्र सहज बसतं. हँडलच्या रंगावर विसंबू नका, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी हिरवं हँडल डिझेलचं असतं, युरोपात हिरवं पेट्रोलचं. पाटी वाचा. चुकलंच तर किल्ली फिरवू नका, गाडी ओढून न्या आणि टाकी रिकामी करून घ्या.

कॅन भरायचा असेल तर डिकीत ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवा, नोझल कॅनच्या काठाला टेकलेलं ठेवा, हळू भरा आणि काठोकाठ भरू नका. डिकीतल्या गालिच्यावर किंवा पिकअपच्या प्लास्टिक अस्तरावर ठेवलेल्या कॅनचा भार जमिनीत जात नाही.

हमालदे:

वरची तांत्रिक माहिती उत्तम आहे, पण तीच वाचून बंदी उठवू नये असं माझं मत पक्कं होतं. एवढं सगळं प्रत्येक गिऱ्हाइकाने लक्षात ठेवायचं की दिवसभर तेच करणाऱ्या माणसाने?

ब्राझीलकडे पाहा. तिथे १२ जानेवारी २०००च्या ९९५६ क्रमांकाच्या कायद्याने देशभर सेल्फ-सर्व्हिस पंपांना बंदी आहे. तिथला वाद नोकऱ्यांवर थांबला नाही, तो बेन्झिनपर्यंत गेला. पेट्रोलमध्ये बेन्झिन असतं आणि त्याने रक्ताचा कर्करोग होतो. रोज आठ तास वाफेत उभं राहणाऱ्याचा धोका आठवड्यातून पाच मिनिटं उभं राहणाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा. म्हणून २०१६च्या नियमांनी तिथे खटका सुटल्यावर पुढे भरायला मनाई केली, आणि सांडलेलं कापडाने पुसायलाही मनाई केली, कारण तेच भिजलेलं फडकं कामगाराच्या हातात किंवा खिशात दिवसभर राहायचं. नोकरी राखायची तर नोकरी करणाऱ्याचं शरीरही राखलं पाहिजे. न्यू जर्सीत बंदीच्या बाजूने बोलणारे या गोष्टीबद्दल बोलत नाहीत, ही उणीव आहे.

दुसरं, अपंग आणि वयस्क माणसं. सेल्फ-सर्व्हिस असलेल्या राज्यांत केंद्रीय कायद्याप्रमाणे अपंग चालकाने मदत मागितली तर भरून द्यावंच लागतं, तेही सेल्फच्याच भावाने. पण स्टेशनवर एकटाच कर्मचारी असेल तर ही सक्ती नाही. आणि रात्री काचेमागे पुष्कळदा एकटाच असतो. म्हणजे हक्क कागदावर आहे, वेळेला नाही. चाकाच्या खुर्चीतला माणूस गाडीत बसून हॉर्न वाजवत राहतो.

पाच_लिटरचं_माप:

भारतात कामाचा संबंध आहे म्हणून थोडं. आपल्याकडे पंपाला परवाना देणारी पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटना, पेसो, तिचं मुख्यालय नागपूरला आहे. पंपावर भरून देणारा माणूस आपण गृहीत धरतो, आणि सेल्फ-सर्व्हिस इथे आणायची भाषा करणाऱ्यांनी आधी दुचाकीचा विचार करावा.

दुचाकीची टाकी उथळ असते. नोझल पूर्ण आत जात नाही, वरून हाताने धरून भरावं लागतं. म्हणजे ते बारीक भोक पेट्रोलखाली जाण्याआधीच पेट्रोल टाकीच्या तोंडापर्यंत येतं, खटक्याचा भरवसा नाही. खाली गरम इंजिन. म्हणून दुचाकीवरून उतरून, स्टँडवर लावून, हळू धारेने भरणं हाच मार्ग. अनुभवी मुलगा धार कानाने ओळखतो, टाकी भरत आली की आवाज बारीक होतो. आपल्या रांगेत निम्म्याहून जास्त दुचाक्या असताना हे काम गिऱ्हाइकावर टाकू नये.

आणि भरून देणारा असला म्हणून आपली जबाबदारी संपत नाही. शून्य पाहा, तेही रकमेचं आणि लिटरचं दोन्ही. शंका आली तर पाच लिटरचं माप मागा, ते प्रत्येक पंपावर ठेवावंच लागतं. ५ लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतची तफावत चालते, त्याहून जास्त आली तर वैध मापन शास्त्र खात्याकडे तक्रार करा. भेसळीची शंका असेल तर फिल्टर पेपर मागा: एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून जाऊन डाग राहिला नाही पाहिजे.

डेलावेअरकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. एक राहिलं. आईवडिलांकडे भारतातलं कार्ड आहे, पंप पाच आकडी झिप कोड मागतो. आणि ८७, ८९, ९३ या ऑक्टेनच्या (पेट्रोल इंजिनात अवेळी पेटू नये याच्या मापाच्या) आकड्यांतलं काय दाबायचं? भारतात ९१ पाहायची सवय आहे, ८७ कमी प्रतीचं वाटतं.

नोझल_दुरुस्ती:

भारतातला पत्त्याचा पिन कोड सहा आकडी, त्यामुळे तो तिथे चालत नाही. आत जा, पंपाचा नंबर सांगा, 'चाळीस डॉलर, पंप सहा' असं म्हणून कार्ड किंवा रोख द्या. कमी भरलं गेलं तर उरलेले परत मिळतात, त्यासाठी पुन्हा आत जावं लागेल. अमेरिकन डेबिट कार्ड थेट पंपावर वापरलंत तर १७५ डॉलरपर्यंत रक्कम काही काळ अडकून राहू शकते. खात्यात शिल्लक कमी असेल तर आत जाऊनच द्या.

८७ कमी प्रतीचं नाही. मोजण्याची पद्धत वेगळी आहे. अमेरिकेत दोन चाचण्यांची सरासरी लिहितात, भारतात त्यातली एकच, जी नेहमी जास्त येते. इथलं ८७ म्हणजे तिथलं जवळपास ९१च. गाडीच्या झाकणाच्या आत 'प्रीमियम' लिहिलं नसेल तर ८७ दाबा. आणि झाकण बंद करताना टकटक आवाज येईपर्यंत फिरवा, सैल राहिलं तरी चेक इंजिनचा दिवा लागतो.