प्लॅस्टिकच्या बादलीचा बॉयलर : कोणती बादली घ्यावी?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) :
इंग्लंडमधील हौशी बिअर बनवणारे प्लॅस्टिकच्या बादलीत विजेच्या किटलीचे एलिमेंट (पाणी तापवणारा भाग) बसवून बॉयलर करतात. मला तसाच 20 लिटरचा बॉयलर आले-गुळाच्या पेयासाठी करायचा आहे. घरी ऑइलपेंटची रिकामी बादली पडून आहे, ती चालेल का?

उत्तर 1 :
ती कितीही धुतली तरी वापरू नये. तळाशी त्रिकोणात 5 हा अंक आणि पेला-काट्याची खूण असलेली पॉलिप्रॉपिलीनची बादली घ्यावी. हे प्लॅस्टिक साधारण 160 अंशांना वितळते, त्यामुळे उकळते पाणी सोसते, मात्र गरम झाल्यावर ते मऊ पडत असल्याने भरलेली बादली कडीने उचलू नये. 2000 वॅटच्या एलिमेंटला 20 लिटर पाणी उकळायला तासभर तरी लागतो. ते सुमारे 9 अँपिअर ओढते, म्हणून 16 अँपिअरचा सॉकेट, अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच.

उत्तर 2 :
माझ्या पहिल्या बादलीत एलिमेंटसाठी पाडलेल्या भोकाची कड मी घासली नव्हती, त्यामुळे वॉशरखालून थेंब थेंब पाणी थेट वायरीच्या जोडावर उतरत होते. रबराऐवजी सिलिकॉनचा वॉशर घ्या. शिवाय गूळ बटण बंद करूनच विरघळवा, नाहीतर तो एलिमेंटवर करपतो आणि आपल्या कोल्हापुरी गुळाचे मातेरे होते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. पुढे यातच बिअर केली तर?

उत्तर 1 :
परवान्याशिवाय ते महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 खाली गुन्हा ठरते. आल्याच्या पेयातही यीस्ट घातले की मद्यार्क तयार होतो, तेव्हा ते न आंबवता ताजेच प्यावे.